पुढल्या सालची माणसे



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला आहे तो असा, की लहान धंदेवाल्याने पुढल्या वर्षाच्या मनुष्यबळाची योजना कशी करावी. विषय ऐकून मी प्रथम दचकलो. ‘मनुष्यबळ’ हा शब्द मोठ्या कंपन्यांच्या दारावर शोभतो. माझा धंदा म्हणजे पत्र्याच्या छपराखाली चालणारा शेती-अवजारांचा वर्कशॉप. तेथे तिफणी दुरुस्त होतात, डवरे होतात, ट्रॉलीला जोड लागतो आणि लग्नसराईत लोखंडी कपाटे होतात. माणसे पाच, त्यांत मी एक. पाच माणसांना कसले आले बळ नि कसली योजना, असे मी चालकांना म्हणालोही. पण ते हटेनात. मग घरी जाऊन विचार केला तेव्हा ध्यानात आले, की माझ्या धंद्यात मला आजवर जेवढी खोट आली, तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग लोखंडाच्या भावामुळे आलेला नाही, उधारीमुळेही नाही. तो माणसांचा हिशेब न केल्यामुळे आला आहे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी या परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी आहे.

आपले धामणगाव बढे काही मोठे शहर नव्हे. पत्रावर ‘बढे’ लिहायचे राहिले, तर पत्र अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेला जाऊन येते, इतकीच आपली प्रसिद्धी. पण मोताळा तालुक्यातली आसपासची खेडी कामाला आपल्याकडे येतात. येथे किराणा आहे, कापड आहे, पिठाच्या गिरण्या आहेत, औषधांची नि कृषिकेंद्रांची दुकाने आहेत, मोटारी-ट्रॅक्टर दुरुस्त करणारे आहेत. या प्रत्येक ठिकाणी दोन ते दहा माणसे काम करतात, आणि त्या माणसांचे पुढल्या वर्षी काय, हा प्रश्न मालकाला बहुधा माणूस सोडून गेल्यावरच पडतो.

खरे पाहता वर्षाची माणसे वर्षाच्या आरंभी ठरवावीत, ही गोष्ट आपल्याला कोणी परक्याने येऊन शिकवण्याची गरज नाही. वऱ्हाडातला शेतकरी पिढ्यानुपिढ्या सालदार ठेवीत आला आहे. गुढीपाडवा आला की जुन्याचे साल संपायचे, नव्याचे ठरायचे. खानदेशाकडे हाच व्यवहार आखाजीला होतो, आणि आपण दोहोंच्या शिवेवर असल्याने आपल्याकडे दोन्ही रीती पाहायला मिळतात. रोख किती, ज्वारी किती, कपडे किती, वहाणा कधी, उचल किती, सुट्या कोणत्या, हे सगळे चार माणसांत बोलून ठरायचे. एकदा साल ठरले की मालकाला बारा महिन्यांची निश्चिंती आणि गड्याला बारा महिन्यांची भाकरी. शाळा न पाहिलेल्या माणसांनी केलेली ही वार्षिक योजनाच नव्हे काय?

मात्र जुने ते सगळे सोने, असे मी म्हणणार नाही. या सालदारीतच एक मोठे पाप दडलेले होते, ते उचलीचे. लग्नकार्याला, दुखण्याला गडी उचल घ्यायचा. साल संपले तरी ती फिटायची नाही. मग पुढले साल त्याच दारात, त्याहून कमी बोलीत. बापाची उचल मुलाने फेडल्याची उदाहरणे जुन्या माणसांना ठाऊक असतील. १९७६ साली वेठबिगारीची पद्धत कायद्याने रद्द झाली ती असल्याच व्यवहारांमुळे. म्हणून सालदारीतले घ्यायचे ते एवढेच: बोली आधी, स्पष्ट, आणि चारचौघांत. उचलीच्या दोरीने माणूस बांधून ठेवण्याची कल्पना मात्र टाकून द्यायची. पण आपण दुकानदारांनी नेमके उलटे केले. बोली सोडून दिली आणि उचल ठेवली! माझ्या ओळखीचे कितीतरी मालक अभिमानाने सांगतात, ‘माझा माणूस कुठे जात नाही, त्याच्याकडे माझे चाळीस हजार आहेत.’ त्यांना मी एकच विचारतो, की चाळीस हजार ठेवून तो एका रात्रीत गेला, तर तुमच्याकडे काय उरेल? माणूसही नाही आणि पैसेही नाहीत.

आता माझी गोष्ट सांगतो. माझ्याकडे एक वेल्डर सात वर्षे होता. हात असा, की तिफणीच्या फणाचा जोड त्याने मारलेला असला तर शेतकरी बोट फिरवून ओळखायचा. एका वर्षी मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, रोहिणी निम्म्या झालेल्या आणि मृग तोंडावर आलेला असताना, तो एका सकाळी आला नाही. दुपारी कळले, वाळूजला एका ठेकेदाराकडे लागला. त्या दिवशी माझ्या अंगणात अकरा शेतकऱ्यांची पेरणीची अवजारे सुटी करून पडलेली होती. मी स्वतः होल्डर हातात घेतला. पण मालक झाल्यापासून माझा हात गेलेला, जोड धरीनात. नांदुऱ्याहून एक कारागीर दुप्पट मजुरीने आणला, तो चार दिवस टिकला. पाऊस पडला, वाफसा आला, आणि तीन शेतकऱ्यांची अवजारे माझ्याकडेच. त्यांतल्या एकाची तिफण मी रात्री दहाला स्वतः खेड्यावर पोचवली. तोवर त्याने उसनवार ट्रॅक्टर लावून पेरून घेतले होते. तो मला एक शब्द बोलला नाही, चहा पाजला. आणि तेव्हापासून त्या घरचे एकही काम माझ्याकडे आलेले नाही.

पुढे दीडेक वर्षाने एका लग्नात तो वेल्डर भेटला. मनात राग होता, तरी जवळ जाऊन बसलो आणि विचारले, की पगार कमी होता का? तो म्हणाला, ‘नाई भाऊ, पगाराचं नव्हतं. पुढल्या साली तुमच्याकडं माह्यं काय, हे सात वर्सांत तुमी कदी बोललेच नाई.’ त्याला तिकडे माझ्यापेक्षा दोनच हजार जास्त मिळत होते आणि खोलीचे भाडे त्याहून अधिक जात होते. पण तिकडच्या मुकादमाने त्याला सांगितले होते, की पहिले सहा महिने एवढे, पुढले सहा महिने एवढे. बस्स, तेवढ्यावर माणूस गेला.

त्या दिवसापासून मी वही घातली. त्या वहीत काय काय असते ते आता आपल्यापुढे ठेवतो. ज्यांचा धंदा किराण्याचा किंवा गिरणीचा आहे त्यांनी तिफणीच्या जागी आपापला माल समजून घ्यावा.

पहिली चूक सर्वांची हीच, की आपण माणसांपासून मोजायला सुरुवात करतो. ‘माझ्याकडे चार माणसे आहेत, एक अजून लागेल.’ का लागेल? कधी लागेल? आधी काम मोजले पाहिजे. मागल्या वर्षाची बिलबुके काढा आणि महिन्यांप्रमाणे कामे लिहा. माझ्या धंद्यात वैशाख-ज्येष्ठात पेरणीची अवजारे, आषाढ-श्रावणात डवरे आणि फवारणीचे पंप, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची मळणीयंत्रे, तुळशीच्या लग्नानंतर कपाटे, दारे, खिडक्यांच्या जाळ्या. आणि मधे भाद्रपदाचा काही काळ असा, की माणसे बिड्या ओढीत बसतात. हे मला तोंडपाठ होते, पण कागदावर आकड्यांत लिहिले तेव्हा वेगळेच चित्र दिसले.

समजा, पेरणीपूर्वीच्या दोन महिन्यांत १२० दुरुस्त्या येतात, प्रत्येकीला पाच तास. हे ६०० तास झाले. २० नवी अवजारे करायची, प्रत्येकी ३० तास, हेही ६००. एकूण १२०० तास. आता एक माणूस महिन्याला पंचवीस दिवस येतो आणि दिवसाला आठ तास दुकानात असतो. पण आठही तास त्याचा हात कामावर नसतो. माल आणणे, वीज जाणे, गिऱ्हाइकाशी बोलणे, चहा, साफसफाई हे वजा जाता खऱ्या कामाचे सहा तास पडले तरी पुष्कळ. म्हणजे महिन्याला १५० तास, दोन महिन्यांत ३००. बाराशे भागिले तीनशे, चार कारागीर. आणि भाद्रपदात? तेथे सगळे मिळून दीड माणसाचे काम. वर्षभर चार ठेवावे तर पगार अंगावर येतो. दोन ठेवावे तर मृगात तोंड काळे होते. यावरून माझ्यापुरते उत्तर निघाले ते असे: दोन कायमचे, दोन हंगामी. पण ते हंगामी दोघे वैशाखात शोधायला निघालो तर कोण मिळणार? त्यांची बोली फाल्गुनात झाली पाहिजे.

येथे मला एक गंमत सापडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या जिल्ह्यात मलकापूर-खामगाव भागात कापसाचे जिन आहेत. जिनाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि चैत्राकडे ओसरतो. म्हणजे जिनातला फिटर ज्या महिन्यांत मोकळा होतो, नेमक्या त्याच महिन्यांत माझ्याकडे माणसाची तूट! इतकी वर्षे आम्ही दोघे एकमेकांच्या जवळ, एकमेकांना न पाहता बसलो होतो. आता एक फिटर दिवाळी ते होळी जिनात असतो आणि पाडव्यानंतर माझ्याकडे येतो. त्याचे वर्ष भरते, माझा हंगाम भागतो. आपल्यातल्या प्रत्येकाने असा विचार करून पाहावा, की माझ्या तुटीच्या महिन्यांत कोणाचा धंदा मंद असतो. कृषिकेंद्राला जूनमध्ये माल उतरवायला आणि बिले करायला माणसे हवीत; कापडवाल्याकडे लग्नसराई सरली की त्याच सुमारास माणसे मोकळी असतात. दोघे मालक एकत्र बसून बोलत नाहीत, कारण ‘तो माझा माणूस पळवील’ ही भीती. भीती खोटी नाही. पण न बोलल्याने माणूस राहतो, असेही दिसलेले नाही.

वहीचे दुसरे पान म्हणजे कोणाला काय येते. डावीकडे नावे लिहा, वरच्या बाजूला कामे लिहा, आणि चौकोनांत खुणा करा: उत्तम येते, जेमतेम येते, मुळीच येत नाही. मी हे पान केले तेव्हा फण शेवटण्याच्या कामाखाली एकच खूण होती, आणि तो माणूस गेलेला होता. प्रत्येक कामाखाली निदान दोन खुणा हव्यात. ज्या उभ्या रांगेत एकच खूण आहे, ती पुढल्या वर्षाची पहिली जोखीम समजा. दुकानदारांच्या बाबतीत ही एकटी खूण बहुधा स्वतः मालकाची असते. खरेदी त्यालाच येते, उधारीची आठवण त्यालाच, तिजोरीची चावी त्याच्याच कमरेला. तो आठ दिवस आजारी पडला की दुकान आठ दिवस आजारी पडते. आणि एक खूण आपण करायलाच विसरतो. माझ्या वहीत ‘हिशेब लिहिणे’ या कामाखाली कोणाचेच नाव नव्हते. वास्तविक वीस वर्षे ते काम माझी पत्नी रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर करते. तिचे तास मोजले तेव्हा महिन्याला चाळीस भरले. घरच्या माणसांचे श्रम न मोजणारी योजना खोटी असते, मग ती घरची बाई असो की सुटीत गल्ल्यावर बसणारा मुलगा.

आता एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगतो, कारण कोणाला काय येते हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा महाराष्ट्रात क्वचितच झाला असेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. बढतीची जागा आली तेव्हा ती त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावास येऊन बंधूंसह सायकलींचे दुकान चालवले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर काढले. नांगर पहिल्याने विकेना. लोखंडाने जमीन विटाळते, असे शेतकरी म्हणत. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्या माळावर पगाराच्या लोभाने कोण येणार? लक्ष्मणरावांकडे पदवीधर इंजिनियर नव्हते. त्यांनी भोवती गोळा केली ती माणसे पाहा. शंभुराव जांभेकर यंत्रविद्येत पारंगत झाले ते कामातून. अनंतराव फळणीकर हे शाळेच्या हिशेबी नापास विद्यार्थी, पण त्यांच्यातला कल्पक कारागीर लक्ष्मणरावांनी हेरला. मंगेशराव रेगे यांच्या हाती जमाखर्च सोपवला. के. के. कुलकर्णी यांच्यावर जबाबदारीचे काम टाकण्यास दुसरा मालक धजला नसता. लक्ष्मणरावांनी त्यांना व्यवस्थापनात घातले आणि माल खपवण्यात नि अडचणी निस्तरण्यात ते उजव्या हातासारखे झाले. इतकेच नव्हे, तर शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वाडीच्या पहाऱ्यावर नेमले. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा त्यांचा दंडक होता. आजही कित्येक मालक माणूस घेताना पहिला प्रश्न आडनावाचा विचारतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. आडनाव पाहून माणूस घेणारा, गावातले निम्मे चांगले हात आपण होऊन दुसऱ्याला देऊन टाकतो.

किर्लोस्करांच्या या गोष्टीवरून कोणी असा अर्थ काढील, की नापासांना जमवले की कारखाना उभा राहतो. तसे नाही. स्वतः शिक्षक असलेला मालक त्या माणसांना रोज शिकवीत होता, हे त्यातले इंगित आहे. आपण माणूस ‘तयार’ मागतो. तयार माणूस चाकणला, वाळूजला जातो. तो बढ्याला का येईल? तेव्हा आपल्याला माणूस घडवावा लागतो, आणि घडवण्याला वेळ लागतो म्हणूनच वर्षाची योजना लागते. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकलेली मुले दरवर्षी बाहेर पडतात. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा मोठ्या कारखान्यांसाठीच आहे, अशी समजूत आहे. पण चार किंवा अधिक माणसांच्या धंद्यालाही इच्छा असल्यास शिकाऊ उमेदवार घेता येतो आणि सरकार विद्यावेतनाचा काही भाग सोसते. मृगाच्या धांदलीत आलेला पोरगा फक्त हातोडा उचलून देतो. तोच पोरगा भाद्रपदाच्या मोकळ्या दिवसांत आला, तर जोड मारायला शिकतो. मी माझे ‘बिड्यांचे दिवस’ आता शिकवणीला लावले आहेत.

वहीचे तिसरे पान पैशाचे. आणि येथे मी आपल्याला थोडा हिशेब ऐकवणार आहे, कारण या हिशेबाने माझे स्वतःचे डोळे उघडले. समजा, कारागिराला महिना पंधरा हजार. मी तासाची मजुरी कशी धरीत असे? पंधरा हजार भागिले तीस, पाचशे. भागिले आठ, साडेबासष्ट रुपये. त्यावर थोडा नफा चढवून मी बिल करीत असे आणि वर्षअखेर पैसे कुठे गेले म्हणून लोखंडवाल्याच्या नावाने बोटे मोडीत असे.

आता नीट पाहा. वर्षाचा पगार १,८०,०००. दिवाळीचा बोनस एक महिन्याचा, १५,०००. उपदान, म्हणजे ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, ती वर्षाला पंधरा दिवसांची. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरतात, म्हणून ८,६५४. हातमोजे, चष्मा, कपडे, चहा, अपघाताचा विमा मिळून समजा ८,०००. एकूण २,११,६५४. दरमहा साडेसतरा हजारांच्या वर गेले. आता तो येतो किती दिवस? ३६५ मधून आठवड्याच्या सुट्या ५२, सण आणि रजा १५, दुखणे, मयत, सोयरीक, शेतीची कामे समजा २८, उरले २७०. सहा तासांप्रमाणे १,६२० तास. भागून पाहा: तासाला १३० रुपये! मी साडेबासष्ट धरीत होतो. म्हणजे प्रत्येक तासाला मी निम्मी मजुरी पदरची घालीत होतो, आणि वर कारागिराला म्हणत होतो, की धंद्यात राम नाही, पगार कसा वाढवू?

बोनस, उपदान या गोष्टी पाच माणसांच्या दुकानाला कायद्याने लागू नाहीत, हे मला ठाऊक आहे. उपदान दहा माणसांपासून लागते, राज्य विमाही सर्वसाधारणपणे दहापासून, भविष्यनिर्वाह निधी विसापासून. जुने एकोणतीस कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आल्या आहेत, तेव्हा प्रत्येकाने आपल्या धंद्याला काय लागू आहे ते जाणकाराकडून समजून घ्यावे. व्यासपीठावरून मी वकिली करणार नाही. पण किमान वेतन द्यायला एक माणूस असला तरी पुरे. आणि कामावर अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ पासूनचे आहे. ज्याच्या दुकानात ग्राइंडर फिरतो त्याने विम्याचा हप्ता वर्षाच्या आरंभीच बाजूला काढावा. बाकीच्या रकमा मी कायदा नसतानाही का धरतो? कारण माणूस दहा वर्षांनी जाताना हात पुढे करतोच, आणि त्या वेळी आपण देतो ती भीक किंवा उपकार होतो. दरसाल बाजूला टाकली तर तीच रक्कम त्याचा हक्क होते आणि मलाही एकदम जड जात नाही.

तीन पाने झाली की माणसांशी बोलायचे. हे काम होळी ते पाडवा या पंधरवड्यात मी उरकतो. प्रत्येकाला एकेकट्याला, दुकानाबाहेर, अर्धा तास. तीनच प्रश्न असतात: पुढल्या साली राहणार का, काय शिकावेसे वाटते, घरी कोणते कार्य आहे का? तिसरा प्रश्न वरकरणी चौकशीचा वाटतो, पण बहिणीचे लग्न वैशाखात आहे हे मला शिमग्यात कळले, तर त्याची रजा आणि उचल दोन्ही बसवता येतात. न विचारल्यास तेच लग्न मला ऐन हंगामात कळते. पहिल्या वर्षी माणसे गप्प बसली. ‘तुमी म्हनान तसं,’ एवढेच उत्तर. त्यांना वाटले, काढून टाकण्याची ही प्रस्तावना असावी! दुसऱ्या वर्षी एकाने धीर करून सांगितले, की त्याला वेल्डिंग नको, मोटारी गुंडाळायच्या आहेत. त्याला तेच काम दिले. आज पंपाच्या मोटारींसाठी गिऱ्हाईक त्याचे नाव घेऊन येते.

बोलणे झाले की एका कागदावर पगार, सहा महिन्यांनंतरची वाढ, सुट्या, उचलीची मर्यादा आणि फेड लिहून दोघांनी सही करायची. नव्या संहितांत नेमणुकीच्या पत्राचा आग्रह आहेच. आपण लहान म्हणून सुटका शोधण्यापेक्षा कागद दिलेला बरा. एक प्रत त्याच्या घरी जाऊ द्यावी. कागद घरी गेला की बायको वाचते, मुले वाचतात, आणि नवरा उगाच दांडी मारू लागला की मालकाच्या आधी घरचेच विचारतात.

वर्षात एकदा मधेच वही उघडली पाहिजे. मी ती पोळ्याच्या सुमारास उघडतो. पेरणीचा हंगाम संपलेला, दसऱ्याचा अजून लांब. आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तूप-हळद लावून शेकतो, वर्षभर जूवाखाली घासलेली ती जागा कुरवाळतो. त्या दिवशी मी माझ्या माणसांच्या हातांवरचे चट्टे पाहिले आणि हातमोज्यांचा खर्च वहीत दुप्पट केला, एवढे सांगून पुढे जातो.

शेगावचे उदाहरण अनेकजण देतात, म्हणून त्याविषयी थोडे. गजानन महाराज संस्थानात पाळीपाळीने सेवेकरी येतात आणि एवढ्या गर्दीत केराचा कपटा दिसत नाही. काही व्यापारी म्हणतात, आमची माणसे अशी का वागत नाहीत? महाराज, तेथे माणूस श्रद्धेने येतो. आपल्याकडे तो चूल पेटवण्यासाठी येतो. श्रद्धा मागण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण कोणाची पाळी कधी, त्याने कुठे उभे राहायचे, त्याच्या जागी पुढे कोण, हे तेथे आधी ठरलेले असते. तेवढे मात्र आपल्याला खुशाल उचलता येईल.

व्याख्यान येथेच संपायचे, पण त्या संध्याकाळी एका गृहस्थांनी उठून प्रश्न विचारला तो नोंदवतो. ते म्हणाले, ‘एवढे सगळे केले आणि तरीही माणूस गेला तर?’ मी म्हणालो, जाईल. माझा एक मुलगा यंदाही पुण्याला जाणार आहे. त्याने होळीनंतरच्या बोलण्यातच तसे सांगितले. त्याच्या जागी घेतलेला पोरगा चैत्रापासून त्याच्याच हाताखाली शिकतो आहे, आणि तो स्वतः मृगाची पेरणी आटोपेपर्यंत थांबतो आहे. आज माझ्या अंगणात सात तिफणी सुट्या पडलेल्या आहेत. त्यांतल्या चारांचे जोड त्या नव्या पोराने मारले आहेत.